चाळिसावा अध्याय

आमच्या घरात पुस्तक एकच होतं आणि ते वाचता येणारी मी एकटी. वडील डोंगरकडा गावाला केळीच्या गाड्या भरायच्या कामावर असायचे, आठवड्यातून दोनदा घरी यायचे. आईला अक्षरओळख नव्हती. तरी गावातल्या आम्हा चार ख्रिस्ती घरांत सगळ्यांत जास्त वचनं पाठ होती ती तिलाच, आणि ती सगळीच्या सगळी माझ्या तोंडून तिच्या कानात गेलेली होती. या गोष्टीचा मला तेव्हा फार माज होता.

रीत ठरलेली होती. सकाळी चूल पेटली की मी पवित्र शास्त्र मांडीवर घेऊन बसायची आणि एक ओवी वाचायची. आई भाकरी थापता थापता माझ्यामागे म्हणायची. तीनदा मी, तीनदा ती. मग पत्ता. पत्ता म्हणजे पवित्र शास्त्रातलं पुस्तक कोणतं, अध्याय कितवा, ओवी कितवी. पत्ता आला नाही तर वचन पाठ झालं असं आई मानायचीच नाही. "बिनपत्त्याचं पत्र कोणाला पोचतं व्हय?" असं म्हणायची. मग दिवसभर कापूस वेचताना ती तेच पुटपुटत राहायची, आणि संध्याकाळी हातपाय धुऊन माझ्यासमोर उभी राहून म्हणून दाखवायची. मी पुस्तकात बघून मान डोलवायची. बरोबर आलं की ती तुपाच्या जुन्या डब्यात एक चिंचोका टाकायची. रविवारी दुपारी डबा पदरात उपडा करून एकेक चिंचोका परत आत टाकत सगळी वचनं पहिल्यापासून म्हणायची. डब्याचा तो टकटक आवाज अजून माझ्या कानात आहे.

आई भित्री होती. माझ्याआधी तिची दोन लेकरं गेलेली, त्यामुळे तिसऱ्या लेकराला ती डोळ्यांआड होऊ द्यायची नाही. विहिरीकडं जायचं नाही, चिंचेवर चढायचं नाही, कयाधूला पाणी असलं की नदीच्या वाटेनं शाळेत जायचं नाही. शाळेतून यायला थोडा उशीर झाला की फाट्यावर येऊन उभी. पोरी हसायच्या. मी घरी येऊन आदळआपट करायची, आणि ती एवढंच म्हणायची, "तुला नाही कळायचं."

सहावीत असताना शाळेची सहल निघाली. औंढ्याला आणि तिथून पुढं एका धरणावर. धरण म्हटल्याबरोबर आईनं हात झटकले. "पाण्याच्या ठिकाणी न्हाई." मी रडले, जेवले नाही, वडिलांकरवी सांगून बघितलं. काही उपयोग झाला नाही. वर्गातून न जाणारी मी एकटीच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं पुस्तक मांडीवर घेतलं. त्या आठवड्यात आमचं शहाण्या राजाच्या पुस्तकातलं पाठांतर चालू होतं. त्या पुस्तकात सगळा उपदेशच आहे, लेकरांनी कसं वागावं, आळशी माणसाचं काय होतं, असला. माझ्या मनात राग खदखदत होता. मी पानाकडं बघत बघत, एक अक्षर न अडखळता, जे वाचलं ते असं होतं:

"जी आई आपल्या लेकराची वाट अडवीत नाही तिची ओटी आनंदाने भरेल, परंतु जी अडवील तिचे दार संध्याकाळी ओस राहील."

आईचे थापणारे हात थांबले. "पुन्यांदा म्हण."

मी पुन्हा म्हटलं. 'परंतु' शब्द घातल्यामुळे ते अगदी खरं वाटत होतं, याचं मला मनातून कौतुकही वाटलं.

"पत्ता?"

"अध्याय चाळीस, ओवी दोन."

ती कापसाला गेली. दिवसभर पुटपुटली असेल. संध्याकाळी माझ्यासमोर उभी राहिली, वचन म्हणून दाखवलं, शेवटी अध्याय चाळीस ओवी दोन. मी पुस्तक उघडं धरून मान डोलवली. तिनं डब्यात चिंचोका टाकला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "जा सहलीला. पण पाण्यात उतरू नको."

मी गेले. धरण पाहिलं, पोरींबरोबर भेळ खाल्ली, येताना एसटीत गाणी म्हटली. एवढ्या मोठ्या माणसाला आपण कसं वळवलं, याच्याच तोऱ्यात होते.

तो तोरा रविवारपर्यंत टिकला. रविवारच्या शाळेत पाळकसाहेबांनी नेमकं शेवटचं पान काढलं. त्या पानावर ताकीद आहे: या पुस्तकात कोणी पदरचं घालील तर यातल्या सगळ्या पीडा देव त्याच्यावर घालील. पीडा कोणत्या, तेही त्यांनी सांगितलं. फोड, रक्ताचं झालेलं पाणी, गारा. पाळकसाहेब महिन्यातून एकदाच जीपनं यायचे, आणि त्या एका फेरीत त्यांना हेच पान सापडावं, यावरून मला वाटलं की वरून कळवण्यात आलेलं आहे.

त्यानंतर मी रोज अंग तपासायची. डास चावला तरी तो फोड तर नाही ना, ते दहादा बघायची. त्या वर्षी मार्चमध्ये गारपीट झाली आणि लोकांचा हरभरा झोपला, तेव्हा मी दोन दिवस कोणाच्या डोळ्याला डोळा देऊ शकले नाही. गारा माझ्यासाठी पडल्या आणि नुकसान शेजाऱ्यांचं झालं, असं मला खरोखर वाटत होतं.

वचन मागं घ्यायचा एक प्रयत्न केला. आई पाण्याला गेली असताना डब्यातला एक चिंचोका काढून उकिरड्यावर फेकला. मूर्खपणाच होता, पण बारा वर्षांच्या डोक्याला वाटलं की चिंचोका गेला म्हणजे वचन गेलं. रविवारी आईचे चिंचोके संपले आणि एक वचन उरलं. ती हसली. "उंदरानं नेला वाटतं," म्हणाली, आणि नवीन टाकला.

वचन मात्र गावभर फिरायला लागलं. आई कापसाच्या ओळीत बायकांना सांगायची. आमच्या शेजारच्या काकू बौद्ध होत्या. त्यांची थोरली पोरगी परभणीला शिकायला जायचं म्हणत होती आणि तिला पाठवायला त्यांचा जीव होत नव्हता. आईनं त्यांना ते दोनदा म्हणून दाखवलं. काकू म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकात बराबर लिवलंय बाई." जूनमध्ये पोरगी परभणीला गेली. मी तिला फाट्यावर एसटीत चढताना पाहिलं आणि वाटलं, हिचं काही बरंवाईट झालं तर तेही माझ्याच नावावर. तिचं सगळं बरंच झालं. पण ते मला कुठं माहीत होतं?

त्या वर्षी कापणीच्या सणाला तालुक्याच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाठांतर ठेवलं. ज्यांना शंभर वचनं पत्त्यासकट येतील त्यांना मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र बक्षीस. आईच्या डब्यात नेमके शंभर चिंचोके होते. ती मला म्हणाली, "आपलं पुस्तक लई बारीक हाय. मोठं आलं तं तुझ्या डोळ्यांला बरं पडंल." ते माझ्यासाठीच हवं होतं तिला, तिला काय, मोठी अक्षरं आणि बारीक अक्षरं सारखीच होती.

ते पंधरा दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. आई इतकी खुशीत असायची की तोंड उघडायचं नाही. एकदा म्हणून पाहिलं, "माय, ते चाळिसाव्या अध्यायातलं राहू दे, दुसरं घेऊ." ती म्हणाली, "काहून? तेच तं माझं सगळ्यात पक्कं हाय."

सणाच्या दिवशी चर्चमध्ये पुढं ज्वारीची कणसं, तुरीच्या पेंढ्या, भोपळे आणि पाय बांधलेल्या चार कोंबड्या ठेवलेल्या. उपासना झाल्यावर पाठांतर सुरू झालं. मंडळीतले एक निवृत्त गुरुजी पुस्तक घेऊन बसले होते, पत्ता ऐकला की पान काढून ताडून बघायचे. आईआधी दोघी झाल्या, एक शिक्षकाची बायको आणि एक नर्सबाई. मग आई उठली. धुतलेलं हिरवं लुगडं नेसलेली, हातात काही नाही. एक वचन, एक पत्ता. गुरुजींची बोटं पानं काढून दमली. लोक कौतुकानं माना हलवत होते. मी बायकांच्या सतरंजीवर बसून मनातल्या मनात मोजत होते.

मग ते आलं. तिनं ते इतरांपेक्षा मोठ्यानं म्हटलं. पत्ता सांगितला. गुरुजींनी पानं उलटली, पुढं गेले, मागं आले, चष्मा काढून पुसला.

"बाई, या पुस्तकाला अध्यायच एकतीस आहेत."

कोणीतरी खुदकन हसलं. आई म्हणाली, "असंल ना गुरुजी, नीट बघा. माझ्या पोरीनं वाचलंय. माझी पोरगी खोटं वाचत न्हाई."

पाळकसाहेब समजुतीनं माझ्याकडं वळले. "बेटा, कुठून वाचलं होतं, आठवतं का?"

सगळे माझ्याकडं बघत होते. आईही बघत होती, आणि तिच्या तोंडावर जराही शंका नव्हती. त्या वेळी उभं राहून खरं बोलायला हवं होतं. आज एवढी वर्षं झाली, तो क्षण आठवला की अजून कानशिलं तापतात.

"न्हाई आठवत," मी म्हणाले.

गुरुजी म्हणाले, ऐकीव पाठांतरात असं होतं, बाईनं कुठून तरी काहीतरी जोडलं असेल. बक्षीस शिक्षकाच्या बायकोला मिळालं. आईनं खाली बसून पदर सारखा केला. परतताना जीपमध्ये ती बाहेर बघत होती. मला वाटलं रडते की काय. पण तिचा विचार वेगळाच चालला होता. फाट्यावर उतरल्यावर ती म्हणाली, "गुरुजी बी माणूसच हाय. एवढं मोठं पुस्तक, घाईत कसं सापडंल? मी हुडकते."

मला वाटलं, बोलायची गोष्ट. पण पुढच्या महिन्यात गावच्या शाळेत संध्याकाळी साक्षरतेचा वर्ग सुरू झाला आणि आई पाटी घेऊन पहिल्या ओळीत जाऊन बसली. काकूंनाही ओढून नेलं. वर्षभरात ती अक्षर लावायला शिकली. मग एके दिवशी तिनं आमचं पुस्तक पहिल्या पानावर उघडलं, लाल दोरा आत ठेवला आणि एकेका शब्दावर बोट ठेवून वाचायला लागली. रोज कामाला जायच्या आधी, अर्धं पान, कधी चार ओळी. मला वाचायला सांगणं तेव्हापासून बंद झालं. पाठांतर मात्र रोजचं रोज चालूच. आता ती स्वतःच वाचून पाठ करायची. शेजारीपाजारी म्हणायचे, काय भक्ती आहे बाईची. ती कशासाठी वाचते हे तिला आणि मला, दोघींनाच माहीत होतं. माझी लाज राखण्यासाठी ती पुस्तक वाचत होती.

त्या लाल दोऱ्यानं माझी झोप घालवली. शाळेतून आले की आधी दोरा कुठवर गेला ते बघायची. दोरा गोगलगायीसारखा सरकायचा, पण मागं कधी यायचा नाही.

आणि सांगायचं तर कसं? दहावी झाल्यावर मला नांदेडला नर्सिंगला जायचं होतं. वडील नको म्हणाले, मामा नको म्हणाला, एकटी पोरगी, परकं शहर. आई उठली आणि म्हणाली, "मी तिला अडवणार न्हाई. तसं लिवलेलं हाय." धरणाला घाबरणारी बाई होती ती, आणि मला नांदेडला पाठवायला उभी राहिली होती. मी तिथं सांगितलं असतं तर ती गप्प बसली असती आणि मी गावातच राहिले असते. मी सांगितलं नाही. माझी नोकरी, माझा पगार, माझं सगळं आयुष्य त्या खोट्या ओवीवर उभं आहे, हे मी कोणाला सांगणार?

नांदेडला असताना आईचं पहिलं पत्र आलं. ओळी वरखाली, काना मात्रा हवं तिथं. "तू सांगीतलेल पुस्तक वाचुन झाल. तीत एकतीसच अधयाय हायत. गुरुजी खर बोलले. पण तू लहान व्हतीस पुस्तकाच नाव चुकल असल. पुढ बघते." मी ते पत्र होस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालायच्या तारेखाली उभी राहून वाचलं आणि पिंपाला टेकून खाली बसले. उत्तर लिहिलं, त्यात तब्येतीची काळजी घे असं लिहिलं.

हिंगोली जिल्हा वेगळा झाला, मला नांदेडला दवाखान्यात नोकरी लागली, वडील गेले. आई एकटी राहायला लागली. मी दोन-तीन महिन्यांतून एकदा यायची, दुपारची एसटी पकडून, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत. दरवेळी ती म्हणायची, "जा बाई, तुझी ड्युटी हाय." एकदाही राहा म्हणाली नाही. एसटी सुटताना मागं बघितलं की ती फाट्यावर उभी दिसायची. वाट अडवली नाही, तरी दार ओसच पडलं होतं. ओवी रचताना हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आणि एका वर्षी, तूर निघायच्या दिवसांत, मी आले आणि पुस्तक बघितलं तर दोऱ्यापुढं चार पानं राहिली होती.

चारच पानं. शेवटचं कोणतं ते मला पाठ होतं. ती ताकीद तिनं स्वतः बोट ठेवून वाचल्यावर काय होईल? आठवडाभरात होईल, आणि मी तेव्हा नांदेडला असेन. ती एकटीच घरात बसून पुस्तक मिटेल आणि तिला कळेल की ते नव्हतंच.

आई अंगणात सुपात तूर पाखडत होती. मी तिच्यापुढं बसले.

"माय, ते वचन नाही सापडणार."

"राहिलेत अजून थोडे पानं."

"त्यात नाही. कुठंच नाही. ते मी केलं होतं. सहलीला जायचं होतं म्हणून."

सूप थांबलं. तुरीचे दोन दाणे खाली पडले, ते तिनं उचलून सुपात टाकले. मला वाटलं ओरडेल, निदान एक चापट तरी. मी तीस वर्षांची असते तरी खाल्ली असती. काकूंच्या घरी कुकरची शिट्टी झाली.

मग ती म्हणाली, "म्हणजे तुला अडवलं असतं तर चाललं असतं व्हय?"

मी रडायला लागले. ती उठून आत गेली आणि चूल पेटवायला लागली. संध्याकाळी आम्ही जेवलो. तिनं डबा काढला नाही, चिंचोक्याचा विषयही काढला नाही. रात्री कूस बदलताना मला तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता.

सकाळी उठले तर भाकरी झालेल्या होत्या. आईनं पुस्तक आणून माझ्या मांडीवर ठेवलं. बारा वर्षांनी.

"वाच. चार पानं हायत. आज संपवून टाकू."

मी वाचायला लागले. ती माझ्याजवळ सरकली, इतकी की तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला, आणि तिनं पानावर बोट ठेवलं. मी जो शब्द वाचेन त्याच्यावर बोट. मी थांबले की बोट थांबायचं. पूर्वी तिनं कधी पुस्तकाकडं पाहिलंसुद्धा नव्हतं, माझ्या तोंडाकडं बघून म्हणायची. आता ती एक एक शब्द ताडून बघत होती, आणि ते बरोबरच होतं. ताकिदीच्या ओवीशी मी अडखळले. बोट तिथं थांबून राहिलं, मी परत वाचलं, मग ते पुढं सरकलं. शेवटच्या शब्दापर्यंत ती आली, दोरा काढून घेतला आणि म्हणाली, "बराबर वाचलंस."

मी पिशवी उचलली. गाडी नऊची होती, फाट्यापर्यंत चालत वीस मिनिटं. चपला घातल्या. नेहमीसारखं "जा बाई, तुझी ड्युटी हाय" ऐकायला थांबले.

आई दारात उभी होती. दोन्ही हात चौकटीला लावून, आडवी.

"आज नको जाऊ," ती म्हणाली.

मी चपला काढल्या आणि पिशवी खुंटीला परत अडकवली.